रोख देणारा माणूस

४ नोव्हेंबर, मंगळवार

पुढचा दात गेला! पेरू खाताना!

वरचा, अगदी मधला. मुळापासून नाही — मधूनच तुटला. तुकडा थुंकला की बियांबरोबर गिळला, तेही कळलं नाही. आरशात बघितलं. तोंड मिटलं की मी. उघडलं की कुणीतरी म्हातारी.

संध्याकाळी वाढताना पदर तोंडावर. बाहेरची खोली भरलेली, कंपनीतून सुटलेली सगळी पोरं भुकेलेली. अश्विनने विचारलं, "मावशी, दात दुखतोय का?" नुसती मान हलवली. बोलले असते तर दिसलं असतं. एरवी मी वाढताना किती बोलते! आज खानावळ मुक्याची वाटली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

योगेशला दाखवलं. फोनमधून मान वर केली, बघितलं. "अगं, पुढच्या महिन्यात बघू ना. गाडीचा हप्ता आहे, स्नेहाच्या भावाचं लग्न आलंय. आणि या वयात कोण बघतंय आई?"

चेष्टेत म्हणाला. हसलाही. वाईट नाहीये तो — स्वतःच्या पोटचा म्हणून नाही लिहीत. चष्मा त्यानेच करून दिला. गोळ्या संपायच्या आत आणतो. काही हवं म्हटलं की एकच वाक्य — "कोणाला द्यायचेत सांग, मी टाकतो." आणि टाकतो. पण माझ्या हातात काही येत नाही.

हे होते तेव्हा पोरं महिन्याच्या सुरुवातीला नोटा आणून द्यायची. मी तांदळाच्या डब्यात ठेवायची. त्यातून किराणा, गॅस, भाजी — आणि थोडं माझं. माझं म्हणजे काय? कुणाच्या बाळाला झबलं, घोटीला बहिणीकडे गेले तर भाचीच्या मुठीत एखादी नोट. कुणी विचारत नव्हतं. हे करोनात गेले. मग योगेशने भिंतीवर ते ठिपक्याठिपक्यांचं चौकोनी चित्र चिकटवलं आणि फळीवर ती डबी ठेवली. कुणी पैसे दिले की डबीतली बाई ओरडून सांगते — इतके इतके रुपये प्राप्त झाले! मी आत पोळ्या लाटत ऐकते. स्वयंपाक माझा. पैसे फोनमध्ये. फोन योगेशच्या खिशात.

माझ्याकडे यांचा जुना बटणांचा फोन. त्यावर बहिणीशी बोलता येतं. बास.

स्नेहाचं बरं आहे. हॉस्पिटलात बिलाच्या खिडकीवर नोकरी, स्वतःचा पगार, स्वतःचा फोन. रिक्षातून उतरली — फोन. भेळ घेतली — फोन. तिचं बघून कधीकधी पोटात दुखतं. सुनेचा हेवा! लिहितानाही लाज वाटते.

१० नोव्हेंबर, सोमवार

सहादूने महिन्याचे पैसे दिले.

सहादू म्हणजे मागच्या गल्लीत ती मोठी बिल्डिंग उठतेय, तिथला वॉचमन. घोटीच्या पलीकडच्या खेड्यातला. माझ्याच वयाचा असेल. बाकी सगळे मला मावशी म्हणतात, हा ताई म्हणतो. ठेकेदार त्याचा पगार हातात देतो, म्हणून तो आमचे पैसे हातात देतो. त्याचाही फोन बटणांचाच. खानावळीत रोख देणारा तो एकटाच उरलाय.

देताना डावा हात उजव्या कोपराला लावतो, देवळात द्यावं तसं. "मोजून घ्या, ताई." म्हटलं, "राहू द्या, तुम्ही काय कमी देणार!" हसले. मग आठवलं, पदर तोंडावर नाही. त्याने बघितलं आणि लगेच भिंतीकडे बघितलं. मला इतकं कानकोंडं झालं!

योगेश कंपनीत, स्नेहा ड्यूटीवर. नोटा ब्लाऊजमध्ये ठेवल्या, आल्यावर देईन म्हणून. योगेश आला, जेवला, टीव्ही बघत बसला. दिल्या नाहीत.

विसरले — असं लिहिणार होते. इथे तरी खोटं नको. विसरले नव्हते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

त्याने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जाऊन आले! पवननगरला दातांचा दवाखाना आहे तिथे. डॉक्टरीण लहान वयाची, हात हलका. तात्पुरता दात बसवलाय, पक्का पुढच्या आठवड्यात.

दुखलं नाही. दुखलं ते नंतर. बाहेर बसलेली मुलगी म्हणाली, "आजी, स्कॅन करा ना."

"रोख आहेत."

"अय्या! सुट्टे नाहीत हो माझ्याकडे. घरी कुणाला तरी टाकायला सांगा ना. मुलगा असेल."

मुलगा असेल! बाकावरचे सगळे बघायला लागले. मी भिंतीकडे तोंड करून ब्लाऊजमधून नोटा काढल्या. घामाने ओल्या झालेल्या. तिने कडेला धरून मोजल्या आणि मग तळहाताला सॅनिटायझर लावलं. तिचं तरी काय चुकलं? पण मला वाटलं, मी कुठून तरी चोरून आणलेत हे त्या नोटांच्या ओलीवरून कळतंय सगळ्यांना.

चोरून? कुणाचे? पहाटे उठून मी कणीक मळते. माझ्या आमटीचे पैसे आहेत ते. रस्ताभर हेच घोकत आले. घराचं फाटक उघडलं आणि घोकणं बंद पडलं.

योगेशला म्हटलं, जुने साठलेले होते डब्यात. "बरं झालं की मग," म्हणाला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काय केलं मी हे!

जसं झालं तसं लिहिते. योगेश आज लवकर आला. खुर्ची टाकून दाराशी बसला, फोनमध्ये कोणाचे आले, कोणाचे राहिले ते बघत. मला हे माहीत होतं. कधीतरी बघणारच होता. तरी मी काहीच ठरवून ठेवलं नव्हतं — बिनडोक!

"सहादूकाका, तुमचे या महिन्याचे राहिलेत बरं का."

सहादूचा घास हातातच राहिला. "दिलं की. पगार झाला त्याच दिशी दिलं. ताईंच्या हातात."

योगेशने माझ्याकडे बघितलं. "आई?"

माझ्या एका हातात पातेलं, एका हातात डाव. सगळी पोरं माझ्याकडे बघतायत. आणि मी म्हणाले, "मला नाही आठवत."

मीच म्हणाले. माझ्याच तोंडाने. नव्या दातासकट.

सहादू उठून उभा राहिला. "आवं ताई, आठवा बरं. तुमी म्हनालात मोजायचं राहू द्या. हसलात तुमी." मी पातेल्यात बघत राहिले. आमटीवर कढीपत्ता तरंगत होता.

अश्विन म्हणाला, "काका, स्क्रीनशॉट दाखवा!" सगळे हसले. वाईट हेतूने नाही, पोरं आहेत, कशावरही हसतात. सहादूने खरंच खिशातून फोन काढला. तो बटणांचा फोन. त्याच्याकडे बघितलं, जणू तो काही सांगणार आहे. परत ठेवला. बाकी प्रत्येकाच्या खिशात दिल्याचा पुरावा आहे, तारखेसकट. त्याचा पुरावा फक्त मी होते.

योगेश आवाज न चढवता म्हणाला, "असू द्या काका, होतं असं. पुढच्या पगाराला द्या. पण सगळ्यांसमोर आईचं नाव घेऊ नका. बरं नाही ते."

सहादूने ताटाला नमस्कार केला. हात धुतला आणि गेला. ताटात अर्धी भाकरी तशीच.

योगेश मला म्हणाला, "तू टेन्शन घेऊ नको." माझी बाजू घेतली त्याने! पोराने आईची बाजू घेतली. यापेक्षा त्याने चारचौघांत मला झापलं असतं तर चाललं असतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आला नाही. दोन्ही वेळ.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पक्का दात बसला. पैसे आधीच भरले होते म्हणून आज कुणी काही विचारलं नाही. स्नेहा म्हणाली, "हसून दाखवा ना, आई." हसून दाखवलं. "छान दिसतोय, अगदी तुमचाच वाटतो." मग जरा थांबून, "किती घेतले हो?" खालच्या आवाजात विचारलं. मी म्हटलं, ओळखीतून झालं, फार नाही लागले.

खोट्याला खोटं लागत चाललंय. एकाने भागत नाही.

दोन दिवस वाढताना पुन्हा पदर तोंडावर घेते. आता तर दात आहे!

२४ नोव्हेंबर, सोमवार

अश्विनला सहादू दिसला म्हणे, गेटवर बसून वडापाव खात होता. "काका, जेवायला का येत नाही," विचारलं तर म्हणाला, पोट बिघडलंय.

माझं नाव नाही घेतलं. योगेशने नको म्हटलं होतं ना.

अश्विनलाही चुटपुट लागलेली दिसली. "मी उगाच बोललो मावशी. काका तसे वाटत नाहीत हो." मी म्हटलं, पोळी वाढू का?

२६ नोव्हेंबर, बुधवार

गेले शेवटी. बिल्डिंग मागच्याच गल्लीत, मधल्या बोळातून लगेच पोचता येतं. मी मोठ्या रस्त्याने वळसा घालून गेले. डब्यात बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत. कमरेला उरलेले पैसे.

सहादू गेटशी प्लास्टिकच्या खुर्चीवर होता. मला बघून उठला, खुर्ची पदराने पुसावी तशी गळ्यातल्या उपरण्याने पुसली. "बसा ताई." त्याच्याच खुर्चीवर मी, आणि तो उभा. आत मिक्सर खडखडत होता, मोठ्याने बोलावं लागत होतं. असलं काही मोठ्याने सांगायचं!

सांगितलं. पैसे मिळाले होते, ठेवून घेतले, दातावर घातले. योगेशला बोलले नाही. तोंड उघडून दातही दाखवला. काय वाटलं मला, दात बघून तो म्हणेल, बरं झालं ताई?

तो वाळूकडे बघत म्हणाला,

"म्हंजी तवा तुमाला आठवत व्हतं."

"हो."

"मी उभा राहिलो तवा?"

"हो."

"मला वाटलं, माझंच डोस्कं फिरलं. सगळे खिसे धुंडाळले. घरी फोन केला, बायकोला इचारलं, मी पैसं गावाला तर नाय धाडले? ती म्हनली, पिऊन घातले आसतील. मी पीत नाय ताई. कधी नाय. पन तिनं दोन दिस फोन नाय उचलला."

हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या तीन शब्दांनी घोटीपलीकडच्या घरात एक बाई नवऱ्याशी बोलायची बंद झाली!

मी पैसे पुढे केले. म्हटलं, तुम्ही जेवला नाहीत तेवढ्या दिवसांचे. ते घेतले त्याने. "हे माझेच हायेत, घेतो." डबा नाही घेतला. म्हटलं, मी योगेशला सांगते आज, तुमचं खातं सरळ करते. तर म्हणाला,

"पैशाचं जाऊ द्या. तुमचा पोरगा समद्यांम्होरं बोलला. समदे हसले. आन तुमी हितं येऊन माझ्या एकट्याच्या कानात सांगता. तिथं सांगा."

रागाने नाही म्हणाला. लाइटबिल भरा, इतक्या साधेपणाने म्हणाला.

डबा परत आणला. भरीत संध्याकाळी पोरांना वाढलं. सगळ्यांनी मागून मागून खाल्लं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सांगणार होते. वाढून झालं. सगळे जेवून गेले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आजही नाही. योगेश म्हणाला, "आई, सहादूकाकांची जागा दुसऱ्या कोणाला देऊ का? अश्विनचा मित्र विचारतोय." मी म्हटलं, उद्याचा दिवस थांब.

३० नोव्हेंबर, रविवार

झालं एकदाचं.

रविवारी एकच वेळ, दुपारचं, गोड असतं. शिरा केला. सकाळी अश्विनबरोबर निरोप धाडला — काकांना म्हणावं, ताईने बोलावलंय, तुम्ही सांगितलं त्यासाठी. येईल असं वाटलं नव्हतं. आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि आत न येता उंबऱ्यापाशी उभा राहिला.

सगळे बसले होते. योगेश दाराशी, स्नेहा माझ्यामागे पाण्याचा जग घेऊन. मी म्हटलं, "थांबा, घास घेऊ नका. एक सांगायचंय." सगळ्यांचे हात ताटावर थांबलेले.

"सहादूभाऊंनी महिन्याचे पैसे —"

तेवढ्यात डबी ओरडली! इतके इतके रुपये प्राप्त झाले! कोपऱ्यातल्या पोराने नेमके तेव्हाच टाकले होते. कुणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं, आत पळावं. पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं.

"सहादूभाऊंनी महिन्याचे पैसे दिले होते. माझ्या हातात. मी ते ठेवून घेतले. योगेशने विचारलं तेव्हा मला आठवत होतं. मी खोटं बोलले."

भाताची वाफ तेवढी वर जात होती.

योगेश उठला. चेहरा पांढरा. "आई, तू आत जा." मग सहादूकडे वळून, "काका, गैरसमज झाला, सॉरी."

"गैरसमज नाही झाला," मी म्हटलं. "मी खोटं बोलले."

"आई!"

अश्विनने आपल्या शेजारचं ताट सरकवलं. "काका, या. आणि... मी त्या दिवशी बोललो ते..." पुढे त्याला येईना. सहादू येऊन बसला. जेवला, हळूहळू, पूर्ण. शिरा दुसऱ्यांदा घेतला. नुसता ताटांचा आवाज.

हात धुऊन माझ्यापाशी आला. खिशातून फोन काढला. "ताई, बायकोला लावून देतो. तिला बी तुमीच सांगा."

हे मी धरलंच नव्हतं. पण नाही कसं म्हणणार? फोन कानाला लावला. पलीकडे कोंबड्यांचा आवाज. म्हटलं, वहिनी, मी खानावळवाली उज्ज्वला. तुमच्या घरच्यांनी पैसे पिण्यात नाही घातले. मला दिले होते.

"मंग?" ती म्हणाली. "कुनी घेतले व्हते?"

"मी."

कोंबड्या ओरडतायत. मला वाटलं, शिव्या देईल. द्याव्यात. मग म्हणाली, "तुमचं घर तर पक्कं आसंल ना बाई? सिलापाचं?"

हो म्हटलं. तिने फोन ठेवला.

स्लॅबच्या घरातली बाई! तिला काय सांगणार होते मी? या पक्क्या घरात पन्नासाची नोट माझी म्हणून नसते?

१ डिसेंबर, सोमवार

काल जेवणानंतर योगेश माझ्याशी बोललाच नाही. आज चहा पिताना फुटला. "लोकांना काय वाटलं असेल? आईला दातासाठी चोरी करावी लागते, मुलगा असा? मागितले असतेस तर दिले नसते का मी?"

"मागितले होते."

"मग पुढच्या महिन्यात म्हणालो होतो ना!"

आज एक डिसेंबर. पुढचा महिना. दोघांच्याही एकदमच लक्षात आलं बहुतेक. तो उठून गेला. चहा अर्धा.

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. लाज वाटली त्यालाही. आता घरात लाज दोघांच्या वाटणीला आलीय, पण माझ्याकडची काही कमी झाली नाही.

३ डिसेंबर, बुधवार

भिंतीवर छापील कागद लागला. 'पैसे फक्त ऑनलाइन स्वीकारले जातील. रोख देऊ नये.'

"म्हणजे पुन्हा असला घोळ नको," योगेश म्हणाला. घोळ म्हणजे मी.

सहादू संध्याकाळी आला, ओठ हलवत एकेक अक्षर वाचलं. अश्विन म्हणाला, "काका, तुमचे मी टाकत जाईन, तुम्ही मला रोख देत जा." चांगलं पोर आहे. सहादूने त्याच्या पाठीवर हात ठेवला, नको म्हणाला. "आज तू हायेस, उद्या तुझी बदली झाली म्हंजी? आन परत मी दिलं का नाय, ते तुलाच इचारावं लागंल." मग मला म्हणाला, "दत्त मंदिराकडं एक बाई हाय, डबा देती. ती नोटा घेती. येतो ताई."

रागावून गेला असता तर सुटले असते. तो हात जोडून गेला.

तो कागद मी फाडू शकले असते. चिकटपट्टीचं टोक नखाने उचललंसुद्धा. स्नेहा बघत होती, हे मागाहून कळलं. टोक परत दाबलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

योगेशने फोन आणला! माझ्यासाठी! मोठा, काचेचा. "घे, आता मनात काही ठेवू नको." मला भरूनच आलं. पोराच्या मनात होतंच तर! शिकवलंही त्याने, न चिडता, शेजारी बसून. बोट कुठे ठेवायचं, आकडा कुठे घालायचा. माझं बोट कोरडं, पोळपाटावर घासलेलं, काचेला कळेचना. ओलं करून लावलं तेव्हा लागलं. दोघं हसलो. कितीतरी दिवसांनी.

"माझ्याच खात्याला जोडलाय," म्हणाला. "तू दिलेस की मला लगेच मेसेज येणार. तुला लक्षात ठेवायचीही गरज नाही."

किती काळजी घेतो, असंच वाटलं मला तेव्हा.

६ डिसेंबर, शनिवार

बाजारात गेले. कोथिंबिरीची जुडी घेतली, फोन काढला, चित्रावर धरला. टुण्! भाजीवाल्याची डबी बोलली. बाजारभर माझं नाव झाल्यासारखं वाटलं. ताठ मानेने निघाले.

फाटकाशी पोचायच्या आत योगेशचा फोन. "आई, कोथिंबीर एवढ्याला? लुटलं तुला. पुढच्या वेळी आधी मला विचार."

फोन फळीवर ठेवलाय. डबीशेजारी.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी भंगारवाल्याला तेलाचे रिकामे डबे विकले. तो अजून नोटाच देतो.

स्नेहा दुपारीच घरी आली. स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. "आई, थोडे रोख असतील का? फोनवरून नको. योगेश रोज संध्याकाळी माझा फोन बघतो — कुठे दिले, कोणाला, किती. लग्न झाल्यापासून."

तिचा पगार! तिचं खातं! तिचा फोन!

होते तेवढे सगळे तिच्या हातात दिले. काय करणार आहेस, विचारलं नाही.